सुई कुणी उचलायची

ॲव्हरिल स्टॅनिफर्थ शेफील्डात चमच्यांना पॉलिश मारायची. डोक्याला लाल फडकं, कपडे मळू नयेत म्हणून अंगाभोवती तपकिरी कागद बांधलेला, आणि संध्याकाळी तोंड असं काळं की आईनं आधी मोरीवर पाठवावं. तोंडानं फटकळ. पण त्या कामावरच्या सगळ्याच बाया फटकळ. मशीनच्या वर आवाज न्यायचा तर ओरडावं लागतं, आणि ओरडायचंच आहे तर गोड बोलून कुणाचं भलं होणार?

तिचा बाप विल्फ पलीकडच्या पोलादाच्या कारखान्यात मोठ्या घणावर होता. वाफेवर चालणारा, घराएवढा घण. तो पडला की गल्लीतल्या खिडक्या थरथरायच्या. ॲव्हरिल पाळण्यात असल्यापासून त्याच तालावर झोपलेली. रविवारी घण बंद असायचा, तर पोर दुपारभर किरकिर करायची.

शेजारी नेव्हिल राहायचा. केस वाढवलेले, खांद्याला टेपरेकॉर्डर. आईला वाटायचं पोरगा नोकरी शोधत हिंडतोय. पोरगा हिंडत होता कारखान्यांचे आवाज गोळा करत. त्याची रेकॉर्ड काढायची चालली होती. त्यानं ॲव्हरिलला विचारलं, माझ्या गाण्यात ओरडशील का? ती म्हणाली, दिवसभर पगारावर ओरडते, संध्याकाळी तुझ्यासाठी फुकट ओरडते. मग त्याच्या घरच्या कोळशाच्या खोलीत दोघं पत्रे बडवायचे, साखळ्या ओढायचे आणि ती त्यावर ओरडायची. शेजारपाजारचे भिंतीवर थापा मारायचे. नेव्हिलनं त्या थापाही टेपवर घेतल्या.

अशात मालकांनी पोलादाचा कारखाना बंद करायचं ठरवलं. शेवटच्या दिवशी भोंगा झाला, माणसं कोट घालायला लागली, पण विल्फनं घण थांबवला नाही. खाली भंगाराचा तुकडा ठेवून तो मारतच राहिला. ऑफिसातून निरोप आला, मग दुसरा आला. विल्फ म्हणाला, "मी नाही थांबवणार. ज्याला थांबवायचाय त्यानं इथं यावं आणि आपल्या हातानं थांबवावा."

शेवटी मॅनेजर आला. अख्खी शेड चालत आला, दोन्ही बाजूंना माणसं उभी, कुणी एक शब्द बोललं नाही. तोंड बीटासारखं झालेलं. त्यानं वाफेची चावी फिरवली आणि गल्लीत कायमचा रविवार झाला.

घणाचा आवाज नेव्हिलच्या टेपवर होता. रेकॉर्डला नाव दिलं 'दुसरी पाळी'. तिचा शेवट कसा करायचा ते मात्र ॲव्हरिलनं ठरवलं. रेकॉर्डवरची रेघ फिरत फिरत आत जाते आणि संपते. हिची शेवटची रेघ संपायचीच नाही, ती गोल फिरून स्वतःलाच येऊन मिळायची. प्रत्येक फेरीला विल्फचा एक घाव. तुम्ही खुर्चीतून उठून सुई उचलाल तेव्हाच तो थांबणार, नाहीतर चालू.

लोकांनी काय करावं? रेकॉर्ड अडकते म्हणून दुकानात परत नेल्या. दुकानदारानं मुकाट्यानं घेतल्या आणि कोपऱ्यात रचल्या. पुढे वेड्यांसारखी मागणी यायला लागली, तेव्हा तोच दुकानदार म्हणायचा, मला पहिल्यापासून ठाऊक होतं.

पुढे परदेशातल्या कुणीतरी न विचारता सीडी काढली. तीत विल्फचा घण हळूहळू लांब जात विरून गेला, जशी बस वळणावरून जाते. ॲव्हरिलनं ती एकदा ऐकली आणि आपल्या भाजीच्या मळ्यात वाटाण्याच्या वेलांवर टांगली. कबुतरं मात्र चांगली घाबरायची. मग कुणी लाल रंगाची रेकॉर्ड काढली, तीत घण मुळी नव्हताच. तीही मळ्यात गेली.

आणि मग लंडनहून जॅस्पर आला. त्याची रेकॉर्ड-कंपनी सगळं रीतसर करणार होती. सही नेव्हिलची हवी आणि ॲव्हरिलची हवी. नेव्हिलनं पेन उघडूनच ठेवलं होतं. त्याचा एक कान गेला होता, दुसरा जायच्या वाटेवर होता. ऐकू येतंय तोवर त्याला ती रेकॉर्ड पुन्हा दुकानात वाजलेली ऐकायची होती.

ॲव्हरिलनं जॅस्परला चहा दिला, ॲपल पाय दिला आणि शेवटाचं विचारलं.

"शेवटी आवाज अलगद कमी करू," जॅस्पर म्हणाला. "फोनवर ऐकणाऱ्यांना न संपणारं गाणं देता येत नाही हो."

"मग फोनवाल्यांना घण देऊच नका. माझा बाप एक तर थांबणार नाही, नाहीतर येणारच नाही. अलगद कमी व्हायचं त्याला कधी जमलं नाही."

नेव्हिल चिडला. म्हणाला, "अगं हट्टी बाई, मी बहिरा झाल्यावर सही करणार आहेस का?"

हे तिला लागलं. तिनं त्याच्या ताटलीत स्वतःचा उरलेला ॲपल पायचा तुकडा सरकवला, तेवढंच. पण सही केली नाही. जॅस्पर रिकाम्या हातानं गेला. त्यानंतर नेव्हिल तिच्या दारावरून जाताना मान फिरवून जायचा. तिनं तेही सोसलं, पण वाटाण्यांची टोपली दर शनिवारी त्याच्या पायरीवर ठेवत राहिली.

शेवटी जॅस्परचंच मन वळलं. रेकॉर्डवर घण न थांबणारा. फोनवर घण नाही. ॲव्हरिलनं सही केली आणि नेव्हिलनं टोपली परत आणून दिली, रिकामी.

प्रकाशन शेफील्डातल्या एका रेकॉर्डच्या दुकानात होतं. गर्दी झाली. नेव्हिलनं आपला बरा कान कर्ण्याजवळ नेला. दोन्ही बाजू वाजून झाल्या आणि विल्फचा घण सुरू झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या संपल्या, घण चालूच. जॅस्परला भाषण करायचं होतं, लंडनची गाडीही गाठायची होती. त्यानं तोंड उघडलं, घाव पडला. पुन्हा उघडलं, पुन्हा पडला. त्यानं दुकानदाराकडे पाहिलं, दुकानदारानं छताकडे.

मग तो निघाला. दुकानभर चालत, दोन्ही बाजूंना माणसं गप्प. जाऊन त्यानं सुई उचलली. तोंड लालेलाल.

"अस्साच," ॲव्हरिल नेव्हिलच्या बऱ्या कानात म्हणाली. "अगदी अस्साच चालत आला होता तो मॅनेजर."

तिनं जॅस्परचं भाषण पुरं होऊ दिलं, टाळ्यासुद्धा वाजवल्या. मग गुडघ्यावर हात टेकून उठली, त्याच्या शेजारी गेली आणि सुई परत खाली ठेवली.