मागच्या चाकांच्या साखळ्या

उमरग्याच्या डॉक्टरांनी सासऱ्यांच्या ईसीजीची पट्टी बघून एकच गोष्ट बजावली होती. परत कळ आली तर तासाच्या आत इथं आणायचं. गोळी जिभेखाली ठेवा, पण गोळीवर विसंबू नका. घरी येताना मामा, म्हणजे माझे सासरे, खिडकीबाहेर बघत होते आणि मी गाडी चालवता चालवता मिनिटं मोजत होते. हायवेवरून दवाखाना वीस मिनिटं. आमच्या वस्तीपासून हायवेपर्यंत दीड किलोमीटर पाणंद, उन्हाळ्यात पाच मिनिटं. पावसाळ्यात तिला किती वेळ लागेल हे मात्र कुणालाच सांगता येत नव्हतं. आमची जमीन काळी आणि खोल आहे, भिजली की पायातली चप्पलसुद्धा ठेवून घेते.

नवरा पुण्याला कंपनीत, महिन्यातून एकदा येतो. गाडी मीच चालवते, मी शिक्षिका, शाळेत जायला लागते म्हणून शिकले. मामांचा ट्रॅक्टर, माझी कार, अशी आमच्यात न बोलता झालेली वाटणी होती. पावसाळ्यापुरती उमरग्यात खोली घेऊ, असं मी सुचवून बघितलं. मामा म्हणाले, जनावरं काय खोलीत बांधायची का. तो विषय तिथंच मिटला.

मग टायर तरी बदलू म्हणून आम्ही हायवेवरच्या टायरवाल्याकडे गेलो. त्याच्याकडे दोन उपाय होते. एक, मोठ्या रबरी गुटक्यांचे, चिखल धरणारे टायर. पण आमच्या चाकाच्या मापात ते येत नव्हते आणि मोठे घातले असते तर वळताना मडगार्डला घासले असते. दुसरा उपाय त्यानं पोत्यातून काढला. काश्मीरला सफरचंद भरायला जाणाऱ्या एका ड्रायव्हरनं बर्फात चाकाला घालायच्या साखळ्या आणून त्याच्याकडे टाकल्या होत्या, लहान गाडीच्या मापाच्या. आमच्याकडे बर्फ बघायचा तर रसवंतीत, तेव्हा त्या तशाच पडून होत्या. चिखलातही चालतील, असं तो म्हणाला. जोडी मात्र एकच होती, म्हणजे साखळ्या दोनच चाकांना.

"पुढच्या चाकाला घाला, चाचा," तो म्हणाला.

"मागच्या," मामा म्हणाले. "जोर मागच्या चाकाला असतोय."

"ट्रॅक्टरचा असतोय. पर ह्या गाडीचा..."

"चाळीस वर्सं ट्रॅक्टर हाकतोय. मला चाक शिकवू नको."

मी म्हटलं, "मामा, त्यांचं ऐकून तरी घ्या."

"तू गाडी चालव. चाकाचं आमी बघतो."

बाकड्यावर चार ट्रकवाले बसले होते. त्यातला एक हसला. माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की डोळ्यांत पाणी आलं.

मामा समोर चहाला गेले तेव्हा टायरवाल्यानं मला जवळ बोलावलं. "भाभी, ह्या गाडीत इंजनचा जोर पुढच्या चाकाला हाय. मागं साखळी घालून काई फायदा न्हाय. तुमी घरी समजावा त्यांना." मग त्यानं माझ्याकडून पुढच्या चाकाला साखळी दोनदा घालून घेतली आणि दोनदा काढून घेतली. आतला हूक आधी, मग बाहेरचा. उलटं केलं की साखळी आतून निसटत राहते आणि माणूस घामाघूम होतो.

मी घरी काही सांगितलं नाही.

लोकांना वाटेल सून होती, मोठ्यांपुढं गप्प बसली. तसं अजिबात नव्हतं. मी गप्प बसणाऱ्यातली नाही, माझं तोंड आमच्या शाळेत सगळ्यांना माहीत आहे. मला ते एकदा चुकलेले बघायचे होते. एखाद्या साध्या बाजाराच्या दिवशी गाडी रुतावी, मामांनी खाली उतरून चाकांकडे बघावं, आणि मी स्टिअरिंगवर हात ठेवून एक अक्षर न बोलता बसावं. एवढंच मला पाहिजे होतं. डॉक्टरांचा तास मी विसरले नव्हते. फक्त त्या दोन गोष्टी एकाच दिवशी येतील असं मनात आलं नव्हतं, किंवा आलं होतं आणि मी ते बाजूला सारलं होतं.

त्या वर्षी पेरणीपुरता शिडकावा करून पाऊस लांबला. साखळ्या गोठ्यातल्या खिळ्याला लटकत राहिल्या. वारा सुटला की एकमेकींवर वाजायच्या, आणि मी हातातलं काम सोडून उगाच मामांच्या खोलीकडे बघायची. पोळा झाला तरी पाणंद कोरडीच होती. सगळे आभाळाकडे बघून पाऊस मागत होते. मी तोंडानं मागत होते, मनानं नाही. रोज ठरवायची, आज सांगू. पण जितके दिवस जात होते तितकं सांगणं अवघड होत होतं, कारण आता इतके दिवस का सांगितलं नाही तेही सांगावं लागलं असतं.

घट बसायच्या आठवड्यात आभाळ फाटलं. चार दिवस सूर्य दिसला नाही. काढून ठेवलेल्या सोयाबीनच्या गंजीतून वाफ निघायला लागली. पाचव्या दिवशी शाळेला सुट्टी दिली. सकाळी मामांनी साखळ्या खांद्यावर घेतल्या आणि डोक्यावर पोतं घेऊन गाडीमागं बसले. बाहेरचा हूक आधी लावत होते. साखळी आतून निसटायची, ते परत सुरुवात करायचे. अर्धा तास झाला, मान लाल झाली. मी दारात चहा घेऊन उभी होते. अजूनही सांगता आलं असतं. मी चहा त्यांच्या हातात दिला आणि आत गेले.

दुपारी त्यांना कळ आली.

गोळी दिली, आत्यांनी, म्हणजे सासूबाईंनी, त्यांना मागच्या सीटवर मांडीवर घेतलं आणि मी गाडी काढली. ट्रॅक्टर दारातच होता, पण तो चालवणारे मागं झोपलेले. निम्मी पाणंद गेली. ओढ्याजवळच्या उतारावर पुढची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. चिखल काचेवर आला. मी पाय दाबला तशी ती आणखी खाली गेली. मागच्या चाकांवर साखळ्या नुसत्या बसून होत्या.

मामांनी मान उचलली. चेहरा राखेच्या रंगाचा झाला होता. "पुढची फिरत्यात."

"व्हय, मामा."

"म्हंजी जोर पुढं हाय."

"व्हय."

त्यांनी पुढच्या सीटची कड धरली. मग म्हणाले, "तुला ठाव होतं?"

"न्हाय," मी म्हटलं.

मी खाली उतरले. मागच्या साखळ्या काढल्या, डिकीतली फळी जॅकखाली घातली, पुढचं चाक उचललं. बोटं बधिर झाली होती, पण हात चुकले नाहीत. आतला हूक, मग बाहेरचा. एक चाक, दुसरं चाक. वर बघितलं तर मामा दाराला टेकून उठून बसले होते. काचेवरची वाफ त्यांनी तळव्यानं पुसली होती आणि तिथून ते माझ्या हातांकडे बघत होते.

गाडी निघाली. दवाखान्यात पोचलो तेव्हा तास उलटून वीस मिनिटं झाली होती.

मामा वाचले. पण हृदयाचा एक भाग कायमचा गेला, वेळेत आणलं असतं तर तो राहिला असता, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. ट्रॅक्टरवर चढायचं नाही, ओझं उचलायचं नाही. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मामा सांगायचे, "चूक माजी. टायरवाला बोंबलून सांगत हुता, म्याच ऐकलं न्हाय. हिला बिचारीला काय ठाव." हे सांगताना ते माझ्याकडे बघायचे नाहीत. मी चहाचे कप गोळा करायची.

परवा परत आभाळ भरून आलं. मामांनी साखळ्यांना तेल लावून ठेवलं होतं, त्या त्यांनी माझ्या हातात दिल्या आणि खुर्ची ओसरीच्या कडेला ओढून बसले. आत्या म्हणाल्या, "टायरवाल्याकडनं घालून आणा की. तिला कशाला चिखलात बसवताव?"

"कशाला? तिचा हात बसलाय," मामा म्हणाले.

मी पुढच्या चाकापाशी बसले. दोन्ही हूक हातात होते आणि हात पुढं सरकत नव्हते. वरून मामांचा आवाज आला, सावकाश, नेहमीसारखाच.

"आतला आधी, पोरी. तवा घातला हुतास तसा."