नानांची स्पिटफायर

आमच्या टोकियोतल्या निशी-कसाईच्या बिल्डिंगमधले किस्से म्हणजे रद्दी. ठरलेल्या वारी बांधून बाहेर ठेवा, पुढच्या वारापर्यंत पुन्हा ढीग! हा किस्सा शेजारच्या नानांचा. मी काही कान लावून बसत नाही हो, भिंतीच पातळ आहेत.

*

नाना म्हणजे माझी शेजारीण केतकी, तिचे सासरे. नव्वदीचे. २०११च्या मोठ्या भूकंपाच्या पुढच्या वर्षी पुण्याहून आले. धक्के अजून बसायचेच. एकदा चहा पिताना बिल्डिंग हलली. मी आणि केतकी टेबलाखाली! नाना कपाटाला हात लावून उभे. म्हणाले, "काही नाही गं, इंजिन गरम होतंय."

तरुणपणी ते ब्रह्मदेशाच्या आघाडीवर ब्रिटिशांच्या स्क्वाड्रनमध्ये फिटर होते, म्हणजे विमानांची इंजिनं सांभाळायचे. जुनी हरिकेन विमानं जाऊन नवी स्पिटफायर आली, ती त्यांच्या डोळ्यांदेखत.

*

समोरच्या फ्लॅटमधले मोरी-सान खालच्या हॉलमध्ये मॉडेल क्लब चालवायचे. म्हातारी माणसं जमून प्लास्टिकची विमानं जोडायची. नानांना अख्ख्या टोकियोत तेवढा एकच मित्र. पण मोरी-सानांचा थोरला भाऊ लढाईत पायलट होता, तो परत आलाच नाही. केतकीने बजावलं, "नाना, तिथे युद्ध काढायचं नाही. तुम्ही कुणाच्या बाजूने होतात ते तर मुळीच नाही!"

त्या शनिवारी दुभाषी म्हणून केतकी आणि बघायला म्हणून मीही होते, आणि नेमका मोरी-सानांनी टेबलावर खोका ठेवला. वर चित्र स्पिटफायरचं!

नाना सुटलेच. "हरिकेन म्हणजे बैल, कुठेही उतरवा. ही घोडी! नाक एवढं लांब, की जमिनीवर पायलटला समोरचं दिसायचं नाही. खड्ड्यात नाकावर आपटू नये म्हणून आम्ही शेपटीवर बसायचो. एकदा नवा पायलट मला विसरला आणि निघाला की टेकऑफला!"

नाना खुर्चीवर उलटे बसले, खुर्चीची पाठ कवटाळली, डोळे गच्च मिटले.

मोरी-सान केतकीकडे बघायला लागले. केतकी पांढरीफटक. जपानीत म्हणाली, "मॉडेल छान आहे म्हणतात."

"एवढं लांब?"

"मराठी लांबच असते!"

*

मी मोरी-सानांकडे लाडू घेऊन गेले. घर बघायचं राहिलं होतं ना! नानाही आले. भिंतीवर भावाचा फोटो, पायलटच्या टोपीतला. मी मोडक्यातोडक्या जपानीत विचारलं, "कुठे गेले हे?"

"बिरुमा."

ब्रह्मदेशाला इथे बिरुमा म्हणतात. नानांना सांगावं लागलं नाही.

त्यांनी क्लब सोडला. जेवणही धड जाईना. मला म्हणाले, "त्या पोराला पाडणारं इंजिन मीच ठणठणीत ठेवलं असेल तर?"

मी उगाच त्यांच्यापुढे लाडू सरकवला.

*

मग एका दुपारी नानांची बेल वाजली. केतकी ऑफिसात. मी नेमकी दही मागायला आलेली.

दारात मोरी-सान. हातात तयार स्पिटफायर, रंगवलेली. नाना दोन पावलं मागे सरले. मोरी-सानांनी विमान पुढे धरलं. शेपटीवर एक इवलासा माणूस बसला होता. पाठमोरा, घट्ट कवटाळून.

"नाना-सान," मोरी-सान बोट ठेवून म्हणाले.

कुणी हसलं नाही. मग त्यांनी काखेतला दुसरा खोका काढला. जुनाट, कडा पिवळ्या पडलेला, कधीच न उघडलेला. वरच्या विमानावर जपानचा लाल गोळा. तो त्यांनी दोन्ही हातांनी नानांपुढे धरला आणि वाकून म्हणाले, "भावाचं विमान. मदत कराल?"

मी भाषांतर करायला तोंड उघडलं. तोवर नाना चष्मा आणायला आत गेले होते.