रसूलचाचांच्या चाऱ्याची पुरचुंडी

इथले अनुभव मी नेमाने वाचतो, पण करमणूक म्हणून. अमावस्या, पांढरी साडी, उलटे पाय... भुतांनाही ड्रेस कोड असतो हे मला इथेच कळलं. त्यामुळे स्वतःचा अनुभव लिहिताना थोडा संकोच वाटतोय. तो घडला रविवारी सकाळी, लख्ख उन्हात, सोबत इडलीचा डबा असताना.

आम्ही सोलापूरचे, भवानी पेठेतले. माझे वडील — नाना — आणि गल्लीतले टेलर रसूलचाचा, दोघांना गळाने मासे धरायचा नाद. अक्कलकोट रोडला कुंभारीच्या पुढे आतल्या बाजूला लहान लहान तलाव आहेत, ते बहुतेक या दोघांनी पालथे घातलेले. गळ आणि काठ्या नानांच्या, चारा चाचांचा. ज्यांना हा नाद नाही त्यांच्यासाठी सांगतो — जिथे बसायचं तिथे आदल्या दिवशी पाण्यात चारा टाकून यावं लागतं, म्हणजे मासे त्या जागेला सरावतात. बाकीचे लोक पेंडेचे गोळे टाकतात. चाचा पडले टेलर. ते अस्तराच्या कापडाच्या लिंबाएवढ्या पुरचुंड्या शिवायचे, आत पेंड, ओवा आणि गुळात भाजलेलं काहीतरी भरायचे आणि दोरीने काठाला बांधून पाण्यात सोडायचे. चारा हळूहळू झिरपत राहायचा. ते 'काहीतरी' काय, हे त्यांनी नानांनासुद्धा कधी सांगितलं नाही.

गेल्या हिवाळ्यात चाचा गेले. नानांनी काठ्या माळ्यावर टाकल्या. मग मंडईत जाणं बंद, मग कोपऱ्यापर्यंत जाणंही. डॉक्टरांनी रोज फिरायला सांगितलं, तर नानांनी डॉक्टरांकडे जाणंच बंद केलं. दिवसभर खिडकीशी बसून राहायचे. जेवण तर नावालाच उरलं होतं.

म्हणून मी आणि चाचांचा मुलगा सलीम, आम्ही ट्रिप ठरवली. सलीमचं रेडिमेड कपड्यांचं दुकान आहे आणि त्याला कुठल्याही कामाआधी समारंभ लागतो. त्याने 'मिशन मासा' नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला — लोगोसकट. सभासद तीन, त्यात नानांकडे स्मार्टफोन नाही, म्हणून तिसरा सलीमचाच दुसरा नंबर. तीन तलावांवर मतदान झालं. एक तलाव दोन विरुद्ध एक मतांनी निवडून आला. दोन्ही मतं सलीमची.

मग नानांना विचारलं.

"चारा कोन टाकनार?" त्यांनी तेवढंच विचारलं.

"मी टाकतो की, नाना," सलीम म्हणाला.

"टेलरचा पोरगा तू, सुईत दोरा ओवता येत न्हाय तुला."

"गोळे टाकतो ओ. मासे काय शिलाई बघून खातेत का?"

नाना हसले. कित्येक महिन्यांनी.

शनिवारी दुपारी आम्ही दोघे ठरलेल्या तलावात पेंडेचे गोळे टाकून आलो. रविवारी सकाळी माळ्यावरच्या काठ्या काढून, नानांना घेऊन पोचलो, तर मासेमारीच्या ठेकेदाराच्या माणसांनी तलावभर जाळी लावलेली. नाना गाडीतून उतरलेही नाहीत.

"चला घरी."

आज घरी गेलो तर हा माणूस पुन्हा बाहेर पडणार नाही, हे मला आणि सलीमला, दोघांनाही कळत होतं. सलीमने गाडी कच्च्या रस्त्याला घातली. फाटा दिसेल तिकडे वळत, कुणाला काही न विचारता आम्ही एका पाझर तलावाशी येऊन थांबलो. पाटी नाही, मंदिर नाही. बांधावर म्हशी राखत बसलेली एक बाई, बस्स.

"चारा न टाकलेल्या पान्यात काय बघायचं?" नाना कुरकुरले.

"स्वतःचं तोंड बघा ओ. लई दिवस झाले," सलीम म्हणाला.

नाना चिडून उतरले आणि हातातली काठी टेकत बांधावरून चालू लागले. एका बाभळीशी थांबून खाली वाकले. मग हाक आली, "सल्या, हितं ये."

बाभळीच्या मुळाला दोरी बांधलेली होती. सलीमने ती ओढली. अस्तराच्या मरून कापडाची, लिंबाएवढी पुरचुंडी वर आली. आतला चारा घट्ट होता, नुकताच सोडल्यासारखा. ओव्याचा आणि जळक्या गुळाचा वास मलाही आला. चाचा डावखुरे होते, त्यांचे टाके उलट्या बाजूला कललेले असत. हेही तसेच होते.

सलीमने टाक्यांवरून बोट फिरवलं. "अब्बूचे टाके हायेत हे."

मी त्या बाईंना विचारलं, काल इथे कोण आलं होतं?

"हितं कोन येतंय मासं धरायला? म्या रोज असते की. काल दिस बुडंपातुर कोनबी न्हवतं."

"नाना, घरी नेतो मी ही," सलीम म्हणाला.

"चारा कधी घरी नेत्यात का रे? सोड पान्यात."

त्याने सोडली. नाना तिथेच दुपारपर्यंत गळ टाकून बसले. दोन चिलापी मिळाल्या. इडल्या मात्र सगळ्या त्यांनीच संपवल्या.

तेव्हापासून मी स्पष्टीकरण शोधतोय. जुनी पुरचुंडी राहिली असेल म्हणावं, तर चारा पाण्यात दोन दिवसही टिकत नाही. दुसरा कुणी डावखुरा, मासेवेडा टेलर असेल म्हणून चौकशी केली, त्यावर लोक जे हसले ते अजून हसतायत. सलीमवर मी तोंडावर संशय घेतला. त्याने आईची शपथ घेतली. आणि शपथ सोडली, तरी कुठे थांबणार हे त्यालाच माहीत नव्हतं, बाभूळ तर नानांनी निवडली. बाईंचा डोळा लागला असेल किंवा त्या घरी गेल्यावर कुणी येऊन गेलं असेल, एवढंच उरतं. पण मग आलं कोण?

नाना आता बहुतेक रविवारी जातात. सलीमचे गोळे टाकतात आणि त्यांना नावं ठेवतात. पुरचुंडी पुन्हा दिसलेली नाही. नवीन तलावावर पोचलो की नाना उतरायच्या आत मी काहीतरी निमित्त काढून काठ बघून येतो. मुळाला, दगडाला कुठे दोरी बांधलीय का. नसते. परत गाडीकडे येताना हायसं वाटतं, की वाईट वाटतं... तेही मला अजून सांगता येत नाही.