चांदीवरून फिरलेला पॉलिशपेपर

सकाळी सहा चाळीसला रत्नाबाई वेखंडे किन्हवलीतल्या आपल्या गच्चीवर मांडी घालून पत्र्याच्या डब्याचे गंजके स्क्रू काढत होत्या. डबा आदल्या संध्याकाळी खांबावरून उतरवला होता. आतला रिले, म्हणजे विजेवर पलटणारा खटका, चिकटला होता आणि त्याचं खापर हौशी रेडिओ मंडळाने त्यांच्या माथी मारलं होतं. डबा उघडून बघायची तसदी मात्र कुणी घेतली नव्हती.

बाई ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतात. मंडळाचं चारशे वॅटचं स्टेशन त्यांच्याच घरी आहे. खांबावर दोन अँटेना आहेत. उंच असलेली लांबच्या गप्पांसाठी, खालची आडवी तार डोंगराआडच्या माणसांसाठी. डोंगराआडचा माणूस म्हणजे भगीरथ पारधी. फौजेच्या सिग्नलमधून निवृत्त होऊन तो सिद्धगडाच्या पायथ्याला वाडीवर राहतो. तिथे मोबाइलला रेंज नाही. पावसाळ्यात दरड आली, कुणाला पान लागलं, म्हणजे साप चावला, तर वाडीचा आवाज बाहेर पोचतो तो त्याच्या रेडिओवरून. खोलीतलं बटन दाबलं की खांबावरचा रिले खटकन रेडिओला हव्या त्या तारेशी जोडतो. दोन दिवस तो उंच अँटेनालाच धरून बसला होता. भगीरथ हाक मारत असणार, पण ती इथे पोचत नव्हती.

फोन वाजला. मंडळाचा सचिव आदेश आटगावच्या प्लॅटफॉर्मवरून बोलत होता.

"मॅडम, बोलता बोलता बटन दाबलं असणार तुम्ही. पॉवर चालू असताना रिले पलटला की चिकटणारच."

आधी बोलणं थांबवायचं, मग बटन दाबायचं, हा नियम आदेशला शिकवला होता बाईंनीच.

"मी काय नवखी आहे?"

"तसं नाय हो. पण रिलेवरचे तुमचे ते चांदीचे दागिने पुरे आता. संध्याकाळी मोटारगाडीचे रिले आणतो. वर चाळीस ॲम्पिअर छापलंय चांगलं."

"छापलंय ते बॅटरीच्या बारा व्होल्टसाठी. तार ओली होऊन बिघडली, की इथे हजार व्होल्ट चढतात. तुझ्या रिलेच्या टोकांमध्ये नखाएवढीसुद्धा फट नाही. ठिणगी उडी मारेल."

"लोकल आली, बोलू नंतर," म्हणून त्याने फोन ठेवला.

गेल्या वर्षी बाईंनी हा रिले निवडला तो वजनावर नाही की छापील आकड्यावर नाही. उघडी, रुंद फट, चिनीमातीची बैठक आणि टोकांवर चांदीचा मुलामा, एवढं बघून. रेडिओचा करंट धातूच्या आतून जात नाही, अंगावरून धावतो. म्हणून अंग चांगलं हवं.

झाकण निघालं. चिकटलेली पाती स्क्रूड्रायव्हरने सुटी केली, तेव्हा त्यांना ती टोकं दिसली. जळक्या डागाभोवती लालसर तांबं उघडं पडलं होतं, त्यावर हिरवट बुरशीसारखा थर आणि एकाच दिशेचे बारीक ओरखडे.

तेवढ्यात नामदेव जिना चढून आला. पंचक्रोशीतले पाण्याचे पंप तोच दुरुस्त करतो आणि मंडळाच्या खांबावरही तोच चढतो.

"नामदेवभाऊ, मे महिन्यात डब्याचं रबर बदललंत, तेव्हा आत काय केलंत?"

"काय म्हंजे? पाइंट काळे पडलेले. पॉलिशपेपर मारला. आरशावानी केले."

"कुणी सांगितलं होतं?"

"सांगायला कशाला लागतंय? आमी स्टार्टरचे पाइंट घासतोच. पंप लावायच्या आधी पहिलं तेच."

"हा पंप नाही."

"मग पंपवाल्याला कशाला चढवलात?"

बाई जास्तच तापल्या. काळी पडली तरी चांदी करंट नीट नेते. नामदेवने मायेने ती खरवडून काढली होती. उघडं तांबं पावसाच्या दमटपणात सडलं, तापलं, चिकटलं. डब्याच्या आत हात लावू नका, हे सांगायचं त्यांच्याकडून राहिलं होतं. पण दोन दिवस वाडी मुकी राहिली आणि सगळ्यांनी दोष दिला तो बाईंच्या बटन दाबणाऱ्या बोटांना, हे त्यांना काही केल्या गिळवत नव्हतं.

कपाटात त्याच जातीचा जोडीचा रिले होता. तो बसवून त्यांनी झाकणावर खिळ्याने कोरलं: घासू नये.

"अक्षर दिसतंय ना?"

"दिसतंय. पंपाला नाय लिहिलंत कधी," म्हणत नामदेव डबा घेऊन खांबावर चढला.

बाईंनी जळक्या टोकांचा फोटो मंडळाच्या ग्रुपवर टाकला. आदेशचं उत्तर दुपारी आलं.

"ठीक आहे, हाच राहू दे. पण परत चिकटला तर जबाबदारी तुमची."

"दोन दिवस कुणाची होती?" एवढंच बाईंनी लिहिलं.

भगीरथ सौर बॅटरी वाचवण्यासाठी दिवसातून एकदाच रेडिओ लावतो. आजची वेळ टळली होती. त्याची हाक पोचते की नाही ते कळणार उद्या सकाळी साडेसातला, ७.१५० मेगाहर्ट्झवर.