कस्तुराची शीळ

साखर कारखान्याचा गळीत हंगाम संपला की अण्णांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, कान हळूहळू माणसात यायचे. बेलापूरजवळच्या कारखान्यात ऊस पिळणाऱ्या चरकांपाशी त्यांची सगळी नोकरी झाली. त्या आवाजात तोंडानं बोलण्याची सोयच नव्हती. तिथली माणसं हातानं बोलत. मूठ वळली की थांबव, तळवा गोल फिरवला की चालू दे. अण्णा घरीही तसंच बोलत आणि नगरच्या हॉस्टेलमधून सुट्टीत आले की मीही. शाळेत इंग्रजीत बोला, घरी पाहुण्यांशी मराठीत बोला. हातांच्या बोलण्यात दोन्हींपासून सुटका होती.

दुष्काळ सरला त्या वर्षी मात्र पावसाळा अर्धा गेला तरी अण्णांचे कान परत आले नाहीत. ते आता येणारही नाहीत, असं डॉक्टरांनी आईला सांगितलं होतं. अण्णांनी ते मनावर घेतलं नाही. ते मला पाखरं बघायला अकोले तालुक्यातल्या डोंगरात घेऊन गेले.

भंडारदऱ्याला एसटीतून उतरून आम्ही दरीत चालू लागलो. आमच्याकडे पाऊस येऊन जाई, इथे तो राहायलाच होता. भाताच्या बांधावरून घसरत, धुकं हटेपर्यंत झाडाखाली थांबत आम्ही चाललो होतो. झाडात चष्मेवाल्या पाखरांचा थवा किलबिलत होता. अण्णा वर बघत म्हणाले, "हे मला नुसते हलताना दिसतात. पण कस्तुराची शीळ जाड असते. ती येईल ऐकू."

शीळकरी कस्तूर. काळपट निळा, ओढ्याच्या खडकांवर राहणारा, पहाटे माणसासारखी शीळ घालणारा. लग्नाआधी अण्णांनी तो याच दरीत ऐकला होता. तेवढ्यासाठी आम्ही आलो होतो.

संध्याकाळी वस्तीवरच्या एका घरी उतरलो. कुठलं पाखरू ऐकायला आलोय, ते अण्णांनी दारातच सांगून टाकलं. घरातल्या मावशींनी चुलीपुढे आमचे कपडे वाळत घातले, नाचणीची भाकरी वाढली आणि आमचे हातवारे बघत राहिल्या.

"भाऊ, पोर मुकी हाय का?"

अण्णांना ऐकू गेलं नाही. मी मान हलवून नाही म्हटलं. त्यानं काही सिद्ध झालं नाही.

"मंग बोल की! साळंत काय तोंडाला कुलूप घालत्यात?"

अण्णांनी हातानंच मला विचारलं, काय म्हणतायत? अजून भाकरी हवी का विचारतायत, असं मी हातानंच सांगितलं.

"बघा, पुन्ना हातवारं!" मावशी हसल्या. मग अण्णांच्या कानाशी येऊन ओरडल्या, "शीळवालं पाखरू व्हय? सकाळी वढ्यावर जा. लई वाजतंय, झोपू देत न्हाई!"

उजाडताना आम्ही ओढ्याकाठी जाऊन बसलो. पाणी दणदणत होतं. आणि त्या दणदणाटाच्या वरून शीळ आली. सावकाश, जरा भरकटलेली, कुणी काम करता करता घालावी तशी.  मी अण्णांकडे पाहिलं. ते समोरच्या खडकांवर दुर्बीण फिरवत, शांतपणे वाट बघत होते.

मी बोटानं खडक दाखवला. कस्तूर भिजून उभा होता, खांद्यावरचा निळा डाग चमकत होता. अण्णांनी दुर्बीण लावली. कस्तुराची चोच उघडत होती, गळा फुगत होता. ते त्यांना दिसत होतं. बराच वेळ त्यांनी दुर्बीण खाली घेतली नाही. घेतली तेव्हा माझ्याकडे न बघता विचारलं, "घालतोय ना?"

"हो," मी म्हणाले. मग मोठ्यानं, "हो!"

"कशी?"

याला आमच्या हातांत खूण नव्हती. मुलींनी शीळ घालायची नाही, हे घरात मी ऐकतच वाढले होते. शाळेच्या प्रार्थनेतही मी नुसते ओठ हलवी. मागे वळून पाहिलं, वाटेवर कुणी नव्हतं. मी अण्णांच्या उजव्या कानाशी तोंड नेलं आणि शीळ घातली. पहिल्यांदा नुसतीच हवा गेली. दुसऱ्यांदा सूर लागला.

अण्णांनी डोळे मिटले होते.

"नाही," ते म्हणाले, "शेवटी सूर खाली उतरतो. पुन्हा घाल."

मी पुन्हा घातली.