जर्मनीच्या मुख्यमंत्र्याला दादांचा अर्ज

रहिमतपूर स्टेशनात गाडी जेमतेम दोन मिनिटं थांबायची आणि तेवढ्यात दादांना मला सगळं सांगायचं होतं. दादा म्हणजे माझे वडील, फौजेतून हवालदार म्हणून पेन्शनीत आलेले, त्यामुळं निरोपसुद्धा ड्यूटी लावल्यासारखा. "कागदं छातीशी ठिव. थंडीचं जप. दोन वर्सं शिक आन् माघारी ये रं." आईनं खिडकीतून दशम्यांचं गाठोडं आत ढकललं आणि पदर तोंडाला लावला. दुष्काळाचं साल होतं ते. सांगलीला डिप्लोमा करून मी साखर कारखान्यांची यंत्रं बनवणाऱ्या एका जर्मन कंपनीत निघालो होतो.

दोनाची चार वर्षं झाली, चाराची सहा. खोटं कशाला बोलू, मला तिकडचं काम लय आवडलं. माझ्या हाताखाली आठ गोरे फिटर होते आणि मी म्हणेन तसं चालायचं. दादांच्या प्रत्येक पत्रात एकच प्रश्न, कवा येणार? आणि माझं एकच उत्तर, पुढच्या वर्षी बघू. त्यांनी घरातली माझी खोली झाडून, कुलूप लावून ठेवली होती. परत जायचं नाही हे मला पक्कं ठाऊक होतं, पण लिहायला हात उचलत नव्हता. माझ्यासारखे जे बाहेर पडलेत त्यांनी छातीवर हात ठेवून सांगावं, तुम्ही तरी काय वेगळं लिहीत होता?

आता साहेबांविषयी. मी गेलो तेव्हा ते जर्मनीतल्या आमच्या गावाचे नगराध्यक्ष होते, पुढं त्या राज्याचे मुख्यमंत्री झाले. तेही मूळचे तिथले नव्हेत. युद्ध हरल्यावर जर्मनीचा पूर्वेकडचा मुलूख गेला आणि तिथली माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडली. वीस वर्षांचे साहेब आईला घोडागाडीत घालून या गावी आले. गावानं काही पायघड्या घातल्या नाहीत. उपरे म्हणून नाकं मुरडली, बटाटेसुद्धा सुखानं दिले नाहीत. साहेबांचं अक्षर चांगलं होतं. छावणीत एका खोक्यावर बसून ते लोकांना अर्ज लिहून द्यायचे: कोळशासाठी, खोलीसाठी, हरवलेल्या नवऱ्यासाठी. अर्जाला तिकडं आंट्राग म्हणतात. त्या अर्जांवरच ते नगरपालिकेत निवडून आले, मग विधानसभेत गेले, मग थेट वरच्या खुर्चीत. भाषण अगदी रटाळ करायचे, पण एकही अर्ज बिनउत्तराचा ठेवायचे नाहीत. विरोधकसुद्धा हे मान्य करायचे.

अठ्ठ्याहत्तरच्या सुमाराला आमच्या कंपनीची यंत्रं आमच्याच भागातल्या एका कारखान्यात बसली. गळिताच्या शुभारंभाला साहेबांना बोलावणं आलं आणि दुभाषी म्हणून मी बरोबर. सहा वर्षांनी गावाकडं येत होतो, तेही मुख्यमंत्र्यांच्या गाडीतून! छाती अशी फुगली होती की काय सांगू. साहेबांना फेटा बांधला, त्यांनी उसाची मोळी टाकली, सनई वाजली. आणि मंडपात बघतो तर काय, लोक कागद घेऊन रांगेत उभे!

मंत्री आला की अर्ज द्यायचा, एवढंच आमच्या लोकांना ठाऊक. तो कुठल्या देशाचा, हे कोण विचारतो? कुणाला ओढ्यावर पूल हवा होता, कुणाला एस.टी.चा थांबा, एका मास्तरांना वाईला बदली. चेअरमन लाजेनं लालबुंद झाले. "आवं सरका, ह्ये आपलं मंत्री न्हाईत," म्हणून ओरडायला लागले. साहेबांनी मला विचारलं, हे काय आहे? मी म्हटलं, आंट्राग. साहेबांनी फेटा काढून ठेवला, टेबल मागवलं आणि एकेक कागद घ्यायला सुरुवात केली.

रांगेत शेवटी फौजेची टोपी घातलेले दादा.

"सायेब, माझाबी एक हाय," म्हणाले आणि माझ्याकडं न बघता कागद पुढं केला. मी ओझरता वाचला आणि घडी घालून बाकीच्या कागदांखाली सारला. साहेबांनी विचारलं, काय म्हणतात? मी म्हणालो, तुम्हाला शुभेच्छा देतायत. मग साहेबांच्याच गाडीतून माघारी फिरलो, घराकडं जाणं झालंच नाही.

दोन महिन्यांनी जर्मनीत मला साहेबांच्या कचेरीतून बोलावणं आलं. सगळे अर्ज टेबलावर. शब्दन् शब्द भाषांतर करून दे, म्हणाले. शेवटचा कागद दादांचा. आता पळवाट नव्हती.

"कारणे विनंती अर्ज करतो की, माझा मुलगा आपल्या राज्यात सहा वर्षे नोकरीस आहे. तो परत येणार की कायमचा तिकडेच राहणार, याचा एकदाचा खुलासा व्हावा. म्हणजे आम्ही आमचे बघू. तो मुलगा चांगला आहे, त्यास रागावू नये. कळावे."

साहेबांनी भाषांतर वाचलं. "या शुभेच्छा होय?"  मी सहा फुटी गडी, पण डोळ्यांतून पाणी गळत होतं. साहेब म्हणाले, "माझी आई मरेपर्यंत परतीचा अर्ज करत राहिली. प्रत्येक कचेरीनं लिहिलं, विचार चालू आहे. तिनं बांधलेली पेटी कधी सोडलीच नाही. कुणी 'नाही' म्हणालं असतं, तर ती चार दिवस रडली असती आणि मग तरी सुखानं राहिली असती."

मग त्यांनी सगळ्या अर्जदारांना उत्तरं पाठवली. दादांना लिहिलं, "आपला अर्ज मिळाला. विषय माझ्या अधिकारातला नाही. ज्यांच्या अधिकारात आहे त्यांच्याकडे पाठवला आहे. पंधरा दिवसांत उत्तर मिळेल." खाली सही, शिक्का. आणि मूळ अर्ज माझ्या हातात ठेवला.

चौदाव्या दिवशी मी लिहिलं, "दादा, मी परत येणार नाही. इथंच राहणार. परक्या मंत्र्यापुढं तुम्हाला अर्ज घेऊन उभं राहावं लागलं, हा अपमान मीच केला, सहा वर्षं खरं उत्तर न देऊन."

महिन्याभरानं पत्र आलं. "तुजं पत्र पोचलं. तुजी आय दोन दिस जेवली न्हाई. मीबी न्हाई. तिसऱ्या दिशी तुज्या खोलीचं कुलूप काडलं आन् हळदीची पोती भरली. जागा लय येळ रिकामी ऱ्हायली हुती." मी ते पत्र कारखान्यात वाचलं आणि फिटरांच्या देखत हुंदके देऊन रडलो. पण त्या दिवसापासून मला गाढ झोप लागायला लागली.

पुढच्या वर्षी सुट्टी काढून गेलो. पाहुणा म्हणून गेलो होतो, तशी मनाची तयारीही केली होती. आईनं सोप्यात घोंगडं अंथरलं. दादांनी विचारलं, "किती दिस हाईस?" मी म्हणालो, तीन आठवडे.

"मंग आसा बसतूस काय पावण्यागत? उद्या पाटाचं पानी आपल्याकडं हाय. दारं धरायला कोन जानार, मुख्यमंत्री?"

घर कुठलं, असं आता कुणी विचारलं तर मी जर्मनीतल्या गावाचं नाव सांगतो, बेधडक सांगतो. पण ज्यांना 'येणार नाही' असं लिहून कळवलं, त्यांनीच दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या हातात खोरं दिलं. सरीसरीत पाणी वळवत चिखलात गुडघाभर उभा होतो आणि बांधावरून दादा ओरडत होते, "आरं तिकडनं फुटलंय, तिकडं बघ!"