चिंचेने घासलेला पार्ट

काशीमीऱ्याच्या गॅरेजात मेकॅनिक बाबाजी रोज चहाआधी जुन्या गाड्यांचा एखादा अनोळखी पार्ट उचलून न्याहाळायचे. मळ मात्र पुसायचे नाहीत. पार्ट कुठे बसत होता ते मळच सांगतो, म्हणायचे.

२००४ साली नीलम वडिलांच्या बंद गाडीतली पितळी डबी घेऊन आली. ती कशाची, कुणालाच सांगता येईना. गाडी सुरू झाली नाही तर भाऊ ती रविवारी भंगारात देणार होता. आणि नीलमने डबी चिंचेने लख्ख घासली होती!

"देवघरातली समई आहे का ही?" बाबाजी करवादले. मग त्यांनी डबी कानाशी हलवली. आत पेट्रोल डुचमळलं.

"कार्बोरेटरचा फ्लोट. भोक पडलंय, म्हणून पेट्रोलवर तरंगायचा तो बुडतोय. मग इंजिनात पेट्रोल तुंबतं नि गाडी सुरू होत नाही."

त्यांनी फ्लोट रिकामा करून कथलाचा डाग देऊन भोक बुजवलं. शनिवारी गाडी धडधडत सुरू झाली. नीलमचे डोळे भरून आले.

"पुढच्या वेळी मळासकट आणा, ताई," बाबाजी म्हणाले.